भारी पेट्रोलची टणटण

पेट्रोलमध्येही साधं आणि भारी असा भेद असतो, हे समिधाला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी बाळकुम नाक्याच्या पुढच्या एका पंपावर कळलं. कळलं नसतं तर तिचं काहीही अडलं नसतं. उलट पुढचे पंधरा दिवस सुखात गेले असते.

"सादा, प्रीमियम या हंड्रेड?" पंपावरच्या माणसाने नळी हातात धरून विचारलं. लग्नाच्या हॉलवर ताटाचे दर सांगतात, अगदी त्या सुरात.

"फरक काय आहे?"

"ऑक्टेन का फरक है मॅडम."

"म्हणजे?"

मागच्या रिक्षाने हॉर्न दिला. माणसाने क्षणभर विचार केला. "मतलब, जो महंगा है वो अच्छा है."

हे स्पष्टीकरण समिधाने याआधी बालवाडीच्या ऑफिसात आणि गादीच्या दुकानात ऐकलं होतं. दोन्ही ठिकाणी ते खोटं निघालं होतं. तिने स्टिअरिंगवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. सुदेश म्हणाला, "तू म्हणशील ते." सुदेशचं हे असंच. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तो नक्की काय म्हणतो हे अजून कोणाला कळलेलं नाही. आईने म्हटलं की हो, मामाने म्हटलं की हो, बायकोने म्हटलं की हो. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी म्हटल्या की तो मासे धुवायला जातो.

एरवी समिधा 'साधं' म्हणून मोकळी झाली असती. पण त्या सकाळी मुंब्रा बायपासच्या चढणीवर गाडी बोलली होती. टण टण टण टण. डब्यात सुपाऱ्या घालून कोणी खुळखुळवावं तशी. गाडी म्हणजे छोटी पेट्रोल पिकअप, जुनी घेतलेली, टिटवाळ्याच्या कुंडलिककाकांकडून. मागे बर्फात पापलेट, बोंबील, कोळंबी, पुढे सुदेश, आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या ऑर्डरी समिधाच्या मोबाइलवर. घेतली त्या रविवारी गाडी वाजली नाही. सोमवारी तिची पूजा झाली. मंगळवारी वाजली.

"नजर लागली," सासूबाई आवडाबाईंनी निकाल दिला. पूजेच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने एकविरा आईचा स्टिकर गाडीला लावला होता. काचेवर नाही, मागे नाही, तर पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. "जितून पोटात जातं, तितंच आईची नजर पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालता येत नाही, हे समिधाला वाद घालूनच कळलं होतं.

आता नुसती टणटण असती तर कानात कापूस घातला असता. पण कुंडलिककाकांनी गाडी देताना सांगितलं होतं, "पंधरा दिवस चालवा. नाही पटली तर घेऊन या, शब्द आहे माझा." आणि आवडाबाईंचे भाऊ नाथामामा त्या पंधरा दिवसांवर डोळा ठेवून बसले होते. मामांचं आयुष्य खाडीत होडी चालवण्यात गेलं. त्यांच्या ओळखीत एक डिझेल टेम्पो विकायला होता. "मालाला डिझेल बरा," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत, आणि घरातल्या सगळ्यांचंही तेच. एकट्या समिधाने पेट्रोलचा हट्ट धरला होता. कारण गाडी उभी राहणार ती तळमजल्याच्या त्यांच्या खिडकीखाली, आणि त्या खिडकीला लागून दिपीचा पलंग. दिपी म्हणजे दिपिका, वय तीन. हवा जरा बिघडली की तिच्या छातीत बारीक शिटी वाजायला लागते. ती शिटी समिधाला दोन खोल्या पलीकडून, मिक्सर चालू असताना ऐकू येते.

तर असं होतं सगळं. पंधराव्या दिवसापर्यंत, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या रविवारपर्यंत, टणटण थांबली नाही तर पेट्रोलची गाडी टिटवाळ्याला जाणार आणि डिझेलचा टेम्पो दिपीच्या उशाशी येणार.

"साधंच घाला," ती त्या दिवशी पंपावर म्हणाली. आणि घरी येऊन अभ्यासाला लागली.

सुशिक्षित माणसाने आधी पुस्तक उघडावं. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक असतं, त्यात कुठलं पेट्रोल घालायचं ते लिहिलेलं असतं. समिधाने टिटवाळ्याला फोन लावला.

"पुस्तक होतं की," कुंडलिककाका म्हणाले. "नातवाने रंगवलं. फार सुंदर रंगवलं. मग ते शाळेत प्रदर्शनात ठेवलं."

"आणि मग?"

"मग काय, परत दिलं नाही त्यांनी."

"बरं काका, तुम्ही पेट्रोल कुठलं घालायचात?"

"मिळेल ते. पण ताई, माझ्याकडे ती कधी वाजली नाही हां. पाहुणीसारखी वागवली मी तिला."

म्हणजे वागवण्यात आपली चूक. मुलगी पहिल्यांदा खोकली तेव्हाही सगळ्यांनी हेच सुचवलं होतं. समिधाने तो घोट गिळला आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एकवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मंजुळ आवाज आला.

"मॅडम, गाडी श्री. कुंडलिक यांच्या नावावर दिसतेय."

"हो, नावबदलीचे कागद आरटीओत दिलेत. व्हायचंय अजून. मला फक्त पेट्रोल कुठलं..."

"आपण श्री. कुंडलिक बोलताय का?"

"मी तुम्हाला कुंडलिक वाटते?"

"तसं विचारणं आम्हाला बंधनकारक आहे मॅडम. माहिती फक्त नोंदणीकृत मालकाला देता येते. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगा."

समिधाने दुसऱ्या फोनवरून पुन्हा टिटवाळा गाठलं.

"ओटीपी?" कुंडलिककाकांचा आवाज एकदम कडक झाला. "ताई, ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. बँकेतल्या साहेबांनी मला समोर बसवून सांगितलंय."

"काका, हा बँकेचा नाही, पेट्रोलचा आहे!"

"तेच म्हणतो मी. आधी पेट्रोल म्हणतात, मग खातं साफ. राग मानू नका, तुम्ही चांगल्या घरच्या वाटता."

एवढा सावध नागरिक देशात दुसरा नसेल, आणि तो नेमका तिच्या वाट्याला यावा! मंजुळ आवाजाने "आपला दिवस शुभ जावो" म्हणून फोन ठेवला.

मग वरच्या मजल्यावरचे भगवानकाका. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. त्यांच्याकडे गेलं की चहा मिळतो आणि ज्ञान मिळतं. चहा लवकर संपतो.

"पहिला गैरसमज दूर कर समिधा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे सहनशक्ती." त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "इंजिनात पेट्रोलवर दाब पडतो. ठिणगी यायच्या आधीच जे भडकतं, ते कमी ऑक्टेनचं. दाब सोसून ठिणगीची वाट पाहतं, ते जास्त ऑक्टेनचं. तुझ्या गाडीत पेट्रोल वेळेआधी भडकतंय, त्याची ही टणटण. वरच्या ऑक्टेनचं घाल, थांबेल. यात मत नाही, विज्ञान आहे."

समिधाला हे फारच पटलं. जिना उतरताना तिने घरातल्या माणसांचं ऑक्टेनही काढून टाकलं. आवडाबाई, साधारण साठ. ठिणगीची गरजच नाही, नुसती चाहूल पुरते. सुदेश, दीडशेच्या वर. ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. ती स्वतः लग्नाच्या वेळी चांगली शंभरची होती. दिपी झाल्यावर दर वर्षी दहा-दहा उतरत गेली असावी.

विज्ञान म्हटल्यावर पद्धतशीर प्रयोग आला. तिने फ्रिजवर एक तक्ता लावला. वार, पेट्रोल, चढणीवरचा आवाज शून्य ते पाच, धूर. आधी तीन दिवस साधं, मग तीन दिवस प्रीमियम, मग शंभरचं. रोज बायपास चढताना ती स्वतः सुदेशशेजारी बसणार, दिपीला मांडीवर घेऊन, कान इंजिनाकडे लावून. घरात तक्त्याची थट्टा झाली. "परीक्षा हाय का गाडीची?" आवडाबाई म्हणाल्या. नाथामामांनी मात्र तो गंभीरपणे वाचला. रोज सकाळी चहाला यायचे तेव्हा बशी हातात घेऊन फ्रिजसमोर उभे राहायचे, अक्षर अक्षर लावत.

त्यानंतर मामा बाहेर गाडीकडे जायचे. हे त्यांचं पूजेच्या दिवसापासून चालू होतं. होडीला हात लावून नमस्कार केल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. होडी मुलाच्या ताब्यात गेल्यापासून हात रिकामे होते, ती रीत गाडीवर आली. पेट्रोलचं झाकण उघडायचे, स्टिकरसमोर डोळे मिटून हात जोडायचे. समिधा खिडकीतून सगळ्या जगावर नजर ठेवते. कोण कुठे कचरा टाकतं, कोणाच्या कुत्र्याने कुठे काय केलं, सगळं तिला ठाऊक. पण देवीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे टक लावून बघणं तिला बरं वाटेना. मामांनी झाकण उघडलं की ती सभ्यपणे पाठ फिरवायची.

साध्या पेट्रोलच्या तीन दिवसांत आवाज: दोन, दोन, दोन. धूर: जरासा.

प्रीमियमच्या पहिल्या दिवशी: तीन.

"असं होणार नाही," भगवानकाका म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तीन, आणि मागे निळसर धूर. "समिधा, तू कान तपासून घे. राग मानू नको, बाळंतपणानंतर होतं."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. जी बाई मिक्सरच्या आवाजात पोरीची शिटी ऐकते, तिचे कान तपासायचे! बुधवारी तिने भगवानकाकांनाच गाडीत बसवलं आणि स्वतः दिपीला घेऊन घरी राहिली. पण प्रयोगात भेसळ नको म्हणून टाकी पुरती रिकामी करून मग शंभरचं भरायचं, असा तिचाच नियम होता. त्या नियमाने गाडी बायपास कशीबशी चढली आणि उतारावर पेट्रोल संपून बंद पडली. भगवानकाका, सुदेश आणि चाळीस किलो मासे उन्हात. समिधाच्या मोबाइलवर डोंबिवलीहून मेसेज येत राहिले. "ताई, बोंबील गाडीने येतायत की पोहत?" एकीने तर स्वयंपाकघरातल्या रिकाम्या कढईचा फोटो पाठवला. खाली फक्त एक प्रश्नचिन्ह.

भगवानकाका दुपारी रिक्षाने परत आले. घामाघूम. "आवाज आहे," एवढंच म्हणाले. कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. "चढणीवर मी हे दोनदा काढून ऐकलं. यंत्र काढल्यावरही ऐकू आला. पण आहे हे अशक्य."

गुरुवारी शंभरचं भरलं. ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. शोधत ठाण्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. पंपावरच्या पोराने पिकअपकडे, मागच्या माशांच्या क्रेटकडे आणि मग समिधाकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ती म्हशीला केशर दूध पाजायला निघाली होती.

शुक्रवारी सकाळी आवाज पाच. पाचाच्या पुढे तक्त्यात जागाच नव्हती. धूर असा की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला: 'ही धुराडी कोणाची?' खाली एकोणीस अंगठे. कोणी लिहिलं, पेट्रोलमध्ये हल्ली काय काय मिसळतात. कोणी लिहिलं, टाकीत कापूर टाका. एका बाईंनी समिधाला वेगळा मेसेज करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. आणि त्याच संध्याकाळी दिपीच्या छातीत शिटी लागली.

तोंडावर वाफेचा मास्क धरून मांडीवर बसलेल्या पोरीकडे समिधा बघत राहिली. डिझेलचा धूर नको म्हणून आणलेल्या गाडीने डिझेललाही लाजवलं होतं, आणि तेही सगळ्यात महागाचं पेट्रोल पिऊन! दारात नाथामामा उभे होते.

"मी काय म्हनलो होतो?" मामा हळूच म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्तच बोचलं. "डिझेल बरा. पोरी, तुजी चूक नाय. गाडीच आजारी हाय."

समिधाने टिटवाळ्याला फोन लावला. "काका, रविवारी दुपारी गाडी परत आणतो."

"अरेरे," कुंडलिककाका म्हणाले. "माझ्याकडे नाही हो वाजायची."

शनिवारी तिने तक्ता फ्रिजवरून काढायला घेतला. मागे दिपी जमिनीवर तिचा प्लास्टिकचा ट्रक घेऊन बसली होती. रात्रीत बरी झाली होती आणि आता दुप्पट उत्साहात होती. समिधाने सहज वळून पाहिलं. दिपीने ट्रकसमोर डोळे मिटून हात जोडले. मग ओट्याखालची खोबरेल तेलाची बाटली ओढली, टोपणात तेल ओतलं आणि ट्रकच्या खिडकीतून आत रिकामं केलं.

"एक झाकन," दिपी म्हणाली. "दोन झाकन."

"दिपी! लादी बघ काय केलीस! अगं घसरून पडेल कोणी..."

"भारी हाय," दिपीने गंभीरपणे सांगितलं. "तीन झाकन."

समिधाचा उचललेला हात तसाच राहिला.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"नाथाआजा करतो. बाप्पाला जयजय करतो, मग गाडीला पाजतो." तिने मोठ्यांच्या मूर्खपणाकडे बघावं तसं आईकडे बघितलं. "तू खिडकीत असते ना. तू बघत नाय?"

मामा अंगणात जाळ्याची गाठ मारत बसले होते. शेजारी आवडाबाई सुकट निवडत होत्या. समिधा तेलकट पायांनीच बाहेर आली.

"मामा, तुम्ही गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल घालता?"

मामांनी मान वर केली. चेहऱ्यावर ना भीती, ना ओशाळेपणा. उलट रागच होता. "मंग? तुमी कोन घालता का? पूजेच्या दिशी इचारलं सुदेशला, तेल कवा घालतो रे? म्हनला, हो मामा. हो म्हंजे काय? दिसभर बघितलं, कोनी घालत नाय. भरतो पेट्रोल न् चालला! कोरडा इंजिन कवर चालंल?"

"पण का मामा?"

"का काय का! होडीच्या मशिनला चालीस वर्सं घालतो. पेट्रोल न् तेल एकत्र केल्याबिगर मशीन जलून जाईल. लिटरला एक झाकन." त्यांनी पिशवीतून काळपट बाटली काढून दाखवली. "साध्याला एक. त्या भारीला दोन, भारी जास्त तापतो ना. शंभरवाल्याला तीन."

समिधाच्या हातात तक्ता होता. दोन, तीन, पाच. "तुम्हाला कसं कळायचं, कुठलं भरलंय ते?"

"तुज्या कागदावरशी," मामा म्हणाले. "चांगला लिवतेस तू. त्यावरशी हिशेब लागायचा."

समिधा पायरीवर बसली. नऊ दिवस ती पेट्रोलचं ऑक्टेन चढवत होती आणि मामा तिच्याच तक्त्यावर बघून, बरोब्बर मापात, ते खाली ओढत होते.

"तुम्हाला तर ही गाडी नको होती ना? डिझेल पाहिजे होतं तुम्हाला!"

"गाडी नको म्हनलो," मामा दुखावून म्हणाले. "म्हनून काय उपाशी मारू तिला?"

तिने वर बघून हाक मारली. भगवानकाका बनियनवर गॅलरीत आले आणि तिथूनच त्यांनी होडीचं इंजिन वेगळं, गाडीचं वेगळं, गाडीत तेलाची जागा निराळी, पेट्रोलमध्ये तेल पडलं की ऑक्टेन घसरतं, धूर होतो, हे सगळं शुद्ध मराठीत समजावलं. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. विज्ञान वाचलं होतं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समिधाला विचारलं, "यानं होडी चालवली का कंदी?"

प्रश्न तिथेच संपला होता. मामांच्या दृष्टीने. समिधा उठली, गाडीपाशी गेली आणि या पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिने ते झाकण उघडून नीट पाहिलं. स्टिकरच्या कडेला तेलाने कागद जरा उचकटला होता. खाली लाल काहीतरी छापलेलं दिसत होतं. ती नखाने कोपरा धरणार, तोच आवडाबाई ओरडल्या.

"हात लावू नकोस गो! आईला उचकटतात काय?"

"आई, खाली कंपनीचं काहीतरी आहे."

"असूं दे."

"आई," समिधा म्हणाली. आवाज चढणार होता, तिने तो दाब सोसला, ठिणगीची वाट पाहिली आणि मऊ आवाजात म्हणाली, "काल दिपीला शिटी लागलेली. ती या धुराने. उद्या गाडी जाईल आणि तो डिझेलचा टेम्पो येईल. एकदा बघू द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

आवडाबाईंनी सुकटाची चाळण बाजूला ठेवली. हात धुतले. ओलं फडकं आणून स्टिकरवर ठेवलं, थोडा वेळ धरलं. "आई, जरा सरकून बस," पुटपुटल्या, आणि तो हलक्या हाताने, एकही कोपरा न फाडता सोडवला.

खाली कंपनीचं लेबल होतं. पेट्रोलच्या नळीचं चित्र आणि आकडा, एक्याण्णव किंवा वर. म्हणजे साधं चाललं असतं. पहिल्या दिवसापासून साधंच चाललं असतं. आणि त्याखाली तेलाच्या बाटलीचं चित्र, त्यावर भलीमोठी लाल फुली.

मामा पुढे आले. चष्मा वर केला. त्या फुलीवरून बोट फिरवलं.

"हा आईच्या खाली होता?"

"हो."

"रोज इतंच हात जोडत होतो," मामा म्हणाले. भगवानकाकांच्या अर्ध्या तासाने जे झालं नव्हतं, ते त्या फुलीने झालं. "आई त्यावर बसलेली, न् मी तिच्या डोल्यांदेखत..." त्यांनी बाटलीचं टोपण घट्ट लावलं. मग उघडलं, परत लावलं. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

नऊ दिवसांचा हिशेब चुकता करायला समिधाला याहून चांगली वेळ मिळाली नसती. वाक्य जिभेवर तयारसुद्धा होतं. पण ती म्हणाली, "मामा, होडीला तुम्ही घालता ते बरोबरच आहे. हिची तऱ्हा वेगळी. आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्याच दुपारी कळव्याच्या गॅरेजमध्ये टाकी रिकामी केली. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून दाखवला. मिशेरी लावलेला दात असावा तसा काळाकुट्ट. "कोनी केला हे?" त्याने विचारलं. सुदेश म्हणाला, "हो." आणि हात धुवायला गेला.

रविवारी सकाळी साधं पेट्रोल. "सादाच ना?" पंपावरचा माणूस निराश झाल्यासारखा वाटला. पुढे सुदेश, शेजारी समिधा, मांडीवर दिपी. मागे क्रेट आणि बर्फ यांच्या मधे स्टुलावर नाथामामा. आपल्याशिवाय निकाल लागायचा नाही, म्हणून आलेले. कुंडलिककाकांना दुपारी कळवायचं होतं.

मुंब्रा बायपास सुरू झाला. पहिलं वळण. डोंगराच्या बाजूने गाडी चढायला लागली. सवयीने तिने आधी दिपीच्या पाठीला कान लावला, शिटी नव्हती. मग इंजिनाकडे कान केला. दुसरं वळण. सुदेशने गिअर खाली घेतला. इंजिन घरघरत होतं, ओझं घेऊन चालणारा माणूस धापा टाकतो तेवढंच. टण नाही, टुण नाही.

अचानक मागून केबिनवर धपाधप थापा पडल्या.

"थांबव रे! थांबव! आवाज येत नाय, बंद पडली वाटतं!"

"चालू आहे मामा!" समिधा खिडकीतून ओरडली. "चढतेय ती!"

मागून मामांचा आवाज, जरा रुसलेला. "मंग सांगायचं ना. एवढी गप काय चालते?"

दुपारी तिने टिटवाळ्याला फोन केला. "काका, गाडी ठेवतोय आम्ही."

"मी म्हणालो होतो ना, वाजत नाही ती," कुंडलिककाका खूश झाले. "आणि ताई, त्या दिवशीचा तुमचा तो ओटीपी मोबाइलमध्ये तसाच आहे हां. आता ओळख झाली. सांगू का?"

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली. आवडाबाई सांगत होत्या, एकविरा आईने स्वतः सरकून दाखवलं. भगवानकाका सांगत होते, विज्ञान कधी खोटं बोलत नाही. मामा सांगत होते, मीच म्हनलो, स्टिकर काढून बघा. सुदेश प्रत्येकाला हो म्हणत होता. समिधाचं नाव फक्त ग्रुपवर आलं, 'धुराडीवाल्या ताई' असं. तिने तक्त्यात शेवटची ओळ लिहिली, रविवार, साधं, शून्य, शून्य, आणि कागद घडी घालून दिपीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवला.

सोमवारी सकाळी मामा चहाला आले. फ्रिजसमोर उभे राहिले, रिकामी जागा बघितली, बाहेर गेले. एकविरा आई आता समोरच्या काचेवर होती. पण मामा सवयीने पेट्रोलच्या झाकणापाशीच गेले. उघडलं आणि लाल फुलीसमोर डोळे मिटून हात जोडले.

समिधा खिडकीत होती. या वेळी तिने पाठ फिरवली नाही. शेजारी पलंगावर उभी राहून दिपीही बघत होती.

मामांनी डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं आणि दोन्ही तळवे पसरून दाखवले.

"बघा गो बघा, दोगी बघा," ते वैतागून म्हणाले. "काय पन नाय हातात!"